मोत्यांसारखे दात

दात पांढरे करण्यासाठी घरोघरी अनेक उपाय केले जातात. त्यांपैकी कोणते उपाय निरुपद्रवी आहेत, कोणते घातक आहेत आणि ते घातक का आहेत, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्याचे दात सुंदर असले, की आपण म्हणतो, ‘काय मोत्यांसारखे दात आहेत!’ मराठीत आणि उर्दूत ही उपमा सारखीच आहे. हसरा चेहरा आणि स्वच्छ दात कोणाला आवडत नाहीत? ईद जवळ आली, घरात आपाचे लग्न ठरले किंवा शाळेचे स्नेहसंमेलन आले, की आपण आरशासमोर उभे राहतो. दात थोडे पिवळसर वाटतात. मग कोणी सांगते, ‘लिंबाची साल चोळ.’ कोणी सांगते, ‘कोळशाची पूड लाव.’ मोबाइलवरच्या चित्रफितीत तर दोन मिनिटांत दात पांढरेशुभ्र होताना दिसतात. उपाय घरचा, पैसा लागत नाही आणि दवाखान्यात जावे लागत नाही. मग करून पाहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. केस चुकीचे कापले, तर ते पुन्हा वाढतात. नख तुटले, तर नवे येते. खरचटलेली कातडीही भरून येते. दाताचे तसे नाही. दाताचा वरचा थर एकदा झिजला, की तो पुन्हा कधीच येत नाही. म्हणून दातांवर कोणताही उपाय करण्यापूर्वी दात कसा असतो, हे समजून घेतले पाहिजे.

दाताची रचना

आरशात आपल्याला दाताचा जो चकचकीत भाग दिसतो, त्याला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. तो हाडापेक्षाही कठीण असतो. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. या खनिजांत कॅल्शियम आणि फॉस्फरस मुख्य असतात. दाढेच्या टोकावर एनॅमलची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर असते. इतर ठिकाणी ती त्याहून कमी असते. या पातळ कवचावर आपल्याला सारा जन्म काढायचा असतो. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. म्हणूनच झिजलेले एनॅमल शरीराला पुन्हा तयार करता येत नाही.

एनॅमलच्या आत डेंटीन नावाचा थर असतो. तो एनॅमलपेक्षा मऊ असतो आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. डेंटीनच्या आत दाताचा गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. दात दुखतो, तेव्हा कळ या गाभ्यातूनच येते.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. एनॅमल काचेसारखे थोडे पारदर्शक असते. त्यातून आतल्या डेंटीनचा पिवळसर रंग बाहेर दिसतो. लहान भावाचे दुधाचे दात पाहा. ते तुमच्या दातांपेक्षा अधिक पांढरे दिसतील. याचा अर्थ तुमचे दात घाणेरडे आहेत, असा नाही. कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसतात, हे अगदी नैसर्गिक आहे. पुष्कळ मुले या नैसर्गिक रंगालाच रोग समजतात आणि नको ते उपाय करून चांगले दात बिघडवतात.

आणखी गंमत अशी, की एनॅमल जितके घासून पातळ होईल, तितका आतला पिवळा थर जास्त दिसू लागतो. म्हणजे जो दात पांढरा करण्यासाठी घासला, तोच शेवटी अधिक पिवळा होतो!

एक सोपा प्रयोग

आंबट पदार्थ कठीण कवचाचे काय करतो, हे तुम्हांला डोळ्यांनी पाहता येईल. एका पेल्यात व्हिनेगर घ्या. त्यात कोंबडीचे एक कच्चे अंडे अलगद सोडा. थोड्याच वेळात कवचावर बारीक बुडबुडे दिसतील. पेला झाकून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. अंड्याचे कवच विरघळून गेलेले असेल आणि अंडे रबरासारखे मऊ लागेल. हे अंडे खाऊ नका.

अंड्याच्या कवचातील खनिज आणि दातातील खनिज एकच नव्हे. दात इतक्या लवकर विरघळत नाही. पण दोन्ही खनिजांत कॅल्शियम आहे आणि दोन्ही आम्लात विरघळतात. आम्लता पीएच या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र. तोंडातील पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. आता तुम्हीच विचार करा, रोज सकाळी लिंबू चोळणारा माणूस आपल्या दातांचे काय करीत असेल?

मग आपण लिंबाचे सरबत पिऊ नये काय? जरूर प्यावे. आपली लाळ हा दातांचा मोठा पहारेकरी आहे. ती आम्ल धुऊन टाकते आणि थोडी खनिजे दाताला परत देते. पण सरबत घोटभर पिणे वेगळे आणि लिंबाची फोड दातांवर पाच मिनिटे चोळणे वेगळे. चोळलेल्या ठिकाणी लाळेचे काही चालत नाही. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश करायला अर्धा तास थांबावे. आम्लाने मऊ झालेले एनॅमल लगेच घासले, तर ते लवकर झिजते.

घरगुती उपायांची पारख

आता नेहमीच्या उपायांकडे एकेक करून पाहू.

लिंबू आणि खाण्याचा सोडा : हे दोन्ही एकत्र केले, की फसफसून फेस येतो. तो फेस पाहून लोकांना वाटते, दात साफ होत आहेत. खरे तर तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. लिंबू जास्त झाले, तर उरलेले आम्ल दाताला लागते. नुसता सोडा फारसा खरखरीत नसतो. काही टूथपेस्टमध्येही तो वापरतात. वरचे डाग त्याने थोडे निघतात, पण दाताचा मूळ रंग बदलत नाही.

स्ट्रॉबेरी आणि सोडा : महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिरडून, त्यात सोडा घालून दातांना लावण्याचाही सल्ला कोणी देतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी काढलेल्या दातांवर हा उपाय करून पाहिला. २०१४ साली त्यांनी सांगितले, की त्याने दात खऱ्या अर्थाने पांढरे होत नाहीत. स्ट्रॉबेरी खाण्यासाठी आहे, ती खावी.

कोळसा, राखुंडी आणि मीठ : आपल्याकडे पूर्वी राखुंडीने किंवा कोळशाच्या पुडीने दात घासत. आता तोच कोळसा सुंदर डबीत भरून महाग विकला जातो. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात २०१७ साली कोळशाच्या मंजनांविषयी झालेल्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळशाचे मंजन सुरक्षित आहे किंवा गुणकारी आहे, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. राख, विटेची पूड, जाडे मीठ हे सारे पदार्थ खरखरीत असतात. भांडे घासताना पितळ चमकते, कारण त्याचा वरचा थर निघतो. दाताचेही तसेच होते. पण भांडे नवे आणता येते.

लाल मंजन : काही लाल मंजनांत गेरू असतो. तोही दात घासून काढतो. असे मंजन बोटाने जोरजोरात चोळण्याची सवय असेल, तर दात हळूहळू झिजतात आणि गार पाणी लागताच झणझणतात.

मशेरी : महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक घरांत मशेरीने दात घासतात. तंबाखू तव्यावर भाजून तिची पूड केली, की मशेरी तयार होते. तिने दात साफ होतात, हा समज चुकीचा आहे. उलट तंबाखूने दातांवर काळपट डाग पडतात, हिरड्या बिघडतात आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. भारत सरकारने १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. तुमच्या घरी दादी किंवा नानी मशेरी लावत असतील, तर त्यांच्यावर रागावू नका. अनेक वर्षांची सवय सुटणे कठीण असते. त्यांच्याजवळ बसून प्रेमाने समजावा आणि त्यांना एकदा डॉक्टरांकडे तोंड दाखवायला घेऊन जा.

हायड्रोजन पेरॉक्साइड : औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी या रसायनाची बाटली मिळते. दात पांढरे करण्याच्या औषधांत हेच रसायन असते, असे ऐकून काही मुले ते थेट दातांना लावतात. रसायन तेच असले, तरी त्याचे प्रमाण, वेळ आणि लावण्याची रीत यांवर सारे अवलंबून असते. जास्त तीव्र द्रावणाने हिरड्या आणि ओठ भाजतात. ते पोटात गेले, तर अपाय होतो. दाताला कीड असेल, तर रसायन गाभ्यापर्यंत पोहोचते आणि असह्य कळा येतात.

दवाखान्यात काय वेगळे होते?

तुम्ही विचाराल, ‘मग डॉक्टर तरी दुसरे काय वापरतात?’ प्रश्न योग्य आहे. १९८९ साली हेवुड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णाच्या दातांचा ठसा घेऊन त्या मापाचा पातळ साचा बनवतात. त्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे थोडे औषध भरून तो रात्री दातांवर बसवतात. या औषधातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते दातात शिरून रंगाचे कण मोडते. एनॅमल खरवडले जात नाही.

म्हणजे हा उपायही घरीच केला जातो. पण आधी डॉक्टर दात तपासतात, कीड असेल तर भरतात, हिरड्या बऱ्या करतात आणि मगच औषध देतात. साचा मापाचा असल्यामुळे औषध हिरड्यांवर पसरत नाही. एवढे करूनही काही दिवस दात झणझणू शकतात. शिवाय दातात भरलेले सिमेंट किंवा बसवलेली टोपी यांचा रंग या औषधाने बदलत नाही. हा रंग कायमचाही टिकत नाही.

आणि तुमच्या वयाच्या मुलांचे काय? युरोपीय संघाने २०११ साली याविषयी नियम केला आणि तो २०१२ पासून लागू झाला. ०.१ टक्क्यापेक्षा अधिक, पण ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकावीत आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरू नयेत, असे त्यात ठरले. मुलांच्या दातांतील गाभा मोठा असतो, म्हणून त्यांच्या दातांना त्रास लवकर होतो. तेव्हा बाजारातून किंवा मोबाइलवरून दात पांढरे करण्याची पेटी मागवण्याचा मोह तुम्ही टाळलाच पाहिजे.

प्रत्येक डाग सारखा नसतो

चहा, कॉफी, पान, सुपारी आणि तंबाखू यांचे डाग दाताच्या बाहेरच्या बाजूला बसतात. दातांवर रोज जमणारा चिकट थर काढला नाही, तर त्याचे कठीण कीटण बनते. हे डाग आणि कीटण डॉक्टर यंत्राने काढतात. दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, असे पुष्कळ लोक मानतात. हे खरे नाही. कीटणामुळे हिरड्या आधीच सुटलेल्या असतात. कीटण निघाल्यावर ते लक्षात येते, इतकेच.

काही डाग मात्र दाताच्या आत असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली मॅके नावाचे एक तरुण दंतवैद्य आले. तेथील अनेक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. मॅके यांनी वर्षानुवर्षे त्याचे कारण शोधले. शेवटी १९३१ साली पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे हे डाग पडतात, असे सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातही फ्लोराइड जास्त आढळते. लहानपणी असे पाणी प्यायल्याने दातांवर पांढरे किंवा तपकिरी ठिपके येतात. टेट्रासायक्लिन नावाचे औषध आठ वर्षांखालील मुलांना दिल्यास त्यामुळेही दातांचा रंग बदलतो. असे डाग कितीही घासले, तरी जात नाहीत. ज्याच्या दातांवर असे डाग असतील, त्याला कधी चिडवू नका. तो त्याचा आळस नव्हे, दोषही नव्हे.

सौंदर्याची फॅशन बदलते

युरोपात काही शतकांपूर्वी न्हावीच दातांची कामे करीत. ते दात कानशीने घासत आणि त्यांवर तेजाब लावत. दात काही दिवस पांढरे दिसत आणि नंतर किडत. आपल्याकडे याच्या अगदी उलट फॅशन होती. उत्तर भारतात स्त्रिया मिस्सी लावून दात आणि हिरड्या काळ्या करीत. महाराष्ट्रात दातवण लावून दात काळे करण्याची चाल होती. जपानमध्येही काळे दात सुंदर मानले जात. म्हणजे कधी काळे दात सुंदर, तर कधी पांढरे! फॅशन बदलत राहते. चावायला मात्र प्रत्येक काळात मजबूत दातच लागतात.

मग काय करावे?

दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने दोन मिनिटे दात घासावेत. जोर लावू नये. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा टूथपेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. मिस्वाक किंवा कडुलिंबाची काडी वापरत असाल, तर तिचे टोक चावून मऊ करावे आणि ती हलक्या हाताने हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावी. कडक टोकाने हिरड्यांना जखम होते. गोड आणि आंबट शीतपेये कमी प्यावीत. सुपारी, गुटखा आणि तंबाखू यांना हातही लावू नये.

वर्षातून एकदा तरी दात दाखवावेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर तेथे जाता येते. एकच दात अचानक काळा पडला, दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर घरी उपाय न करता लवकर दाखवावे.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी दात पांढरे करण्याचा उपाय सांगितला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. यात आम्ल आहे का? हे खरखरीत आहे का? यात एखादे रसायन आहे का, आणि असल्यास ते किती? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले किंवा ‘ठाऊक नाही’ असे आले, तर तो उपाय करू नका.

शेवटी पुन्हा मोत्यांकडे वळू. जवळून पाहिले, तर खरा मोती खडूसारखा पांढरा नसतो. त्यात किंचित पिवळसर झाक असते आणि आतून येणारे तेज असते. निरोगी दातही असेच असतात. मोतीही आम्लात विरघळतो. तो कोणी लिंबाने घासत नाही, जपून ठेवतो. आपले दातही आपण तसेच जपूया.

शब्दार्थ

निरुपद्रवी – ज्याने त्रास होत नाही असे
घातक – नुकसान करणारे
कवच – वरचे कठीण आवरण
आम्ल – तेजाब, आंबट रसायन
हिरडी – दाताभोवतीचे मांस, मसूडा
कीटण – दातांवर जमलेला कठीण थर
राखुंडी – दात घासण्याची राख
खरखरीत – खुरदरे
झणझणणे – गार किंवा गरम लागताच कळ येणे
कानस – धातू घासण्याचे हत्यार, रेती
पारख – परीक्षा, परख

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता?
(२) डेंटीनचा रंग कसा असतो?
(३) मशेरी कशापासून बनवतात?
(४) दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारत सरकारने कोणत्या साली बंदी केली?

प्र. २. कारणे लिहा.
(१) झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही.
(२) फार घासलेला दात अधिक पिवळा दिसतो.
(३) आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) अंडे आणि व्हिनेगर यांच्या प्रयोगावरून काय समजते?
(२) डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेला उपाय आणि स्वतःच्या मनाने केलेला उपाय यांत कोणता फरक आहे?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
कठीण, पातळ, सुरक्षित, आंबट, स्वच्छ

प्र. ५. ‘दवाखाना’, ‘नुकसान’, ‘रंग’ हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील मोठ्या माणसांना ते लहानपणी दात कशाने घासत, हे विचारा. मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.